आखूड नळीचा प्रश्न : सोलापूरचे माळरान, शिकारी बंदूक आणि कायदा

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे सहावे कलम आकाराने अगदी लहान आहे. बंदुकीची नळी आखूड करणे आणि नकली बंदुकीची खरी बंदूक बनविणे ही दोन कृत्ये परवान्यावाचून कोणी करू नयेत, एवढेच ते सांगते. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात तिसऱ्या कृत्याची, म्हणजे एका वर्गातील बंदुकीचे दुसऱ्या वर्गात रूपांतर करण्याची, भर पडली. हे कलम वाचणाऱ्याच्या ध्यानात एक गोष्ट सहसा येत नाही. नळी किती आखूड केली म्हणजे गुन्हा होतो, ते त्यात सांगितलेले नाही. हातभर कापली काय आणि बोटभर कापली काय, कलमाच्या शब्दांपुरती दोन्ही सारखीच. शिकारी बंदुकीची नळी कापावी की आहे तशी ठेवावी, हा प्रश्न एके काळी बंदुकीचा धनी आणि कारागीर यांच्यात मिटत असे. तो सरकारदरबारी कोणत्या वाटेने गेला आणि तेथे जाताना त्याचे मूळ रूप किती बदलले, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

विचाराला भूमी हवी. बंदुकीची लांबी ही केवळ धातुविद्येची बाब नाही. ती बंदूक कोणत्या मुलुखात चालवावयाची, यावर तिचा निर्णय बराचसा अवलंबून असतो. म्हणून दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी हे गाव येथे डोळ्यांसमोर ठेवले आहे. सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे. या रस्त्याच्या एका टोकाला सोलापूरचा भुईकोट किल्ला. मे १८१८ मध्ये तो जनरल मन्रोने पेशव्यांच्या सैन्याकडून घेतला. दुसऱ्या टोकाला अक्कलकोट, तेथील संस्थानिकांच्या राजवाड्यातील शस्त्रसंग्रहासाठी प्रसिद्ध असलेले. मधला मुलूख उघडा. काळ्या जमिनीचे पट्टे, त्यांच्या कडेने मुरमाड माळ, माळावर कुसळी गवत, तुरळक बाभळी, बोरी आणि तरवड. दाट झाडी अशी नाहीच. या माळांवरचे शिकारीचे प्राणी म्हणजे काळवीट, चिंकारा, ससा, तित्तर आणि पूर्वी माळढोक. गुराखी आणि धनगर यांच्या वैरातला लांडगा, तोही येथलाच. असल्या प्रदेशात शिकार दुरून दिसते आणि शिकाऱ्यासही शिकार दुरूनच पाहते. पल्ला कमी करण्याचे उपाय मोजके. माळढोकाजवळ बैलगाडीतून हळूहळू जाणे हा त्यांतला एक. चित्त्याकरवी काळविटाची शिकार करण्याची कोल्हापूरसारख्या संस्थानांतील रीत हा दुसरा. तीत तर बंदुकीची गरजच नव्हती.

जुन्या तोडेदार बंदुकीच्या लांबीविषयी सर्वांत स्पष्ट लेखी पुरावा दक्षिणेतला नाही, उत्तरेतला आहे. अबुल फजलाने 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या कारखान्यातील बंदुकांचे वर्णन केले आहे. लांब बंदूक दोन गज आणि आखूड बंदूक सव्वा गज, असे दोन प्रकार तो देतो. आखूड प्रकारास 'दमानक' म्हणत. इलाही गज सुमारे ३३ इंचांचा धरला, तर हे माप अनुक्रमे ६६ आणि ४१ इंच येते. आजच्या भाषेत जिला कोणीही लांब म्हणेल, ती बंदूक अकबराच्या कारखान्यात आखूड गणली जात होती. त्याच प्रकरणात नळी घडविण्याची सुधारलेली रीत वर्णिली आहे. लोखंडाची पट्टी तिरकस वळवून तिचे वेढे एकमेकांवर चढवावयाचे आणि हळूहळू तापवून ते सांधावयाचे. पूर्वीच्या नळ्या पुरी दारू सोसत नसत, फुटत असत. नव्या नळ्या तोंडापर्यंत भरल्या तरी टिकत, असा त्याचा दावा आहे. दाव्यातील दरबारी अतिशयोक्ती सोडून दिली तरी एक गोष्ट उरते. नळीची लांबी आणि नळीची मजबुती ही एकाच हिशेबाची दोन अंगे आहेत, हे त्या कारागिरांना ठाऊक होते. चितोडच्या वेढ्यात (१५६७-६८) जयमलावर चालविलेली 'संग्राम' नावाची बंदूक अकबराने शिकारीतही वापरली आणि तिच्या शिकारीची मोजदाद ठेवली गेली, ही नोंदही तेथेच सापडते. युद्धाची बंदूक आणि शिकारीची बंदूक हा भेद त्या काळी फारसा नव्हता.

आता, नळी लांब असल्याने मिळते तरी काय? या प्रश्नाचे पहिले शास्त्रीय उत्तर बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली प्रसिद्ध केलेल्या तोफविद्येवरील ग्रंथात दिले. हा गृहस्थ पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता होऊन हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला. दारूच्या जळण्याने निर्माण होणारा वायू जसजसा पसरतो, तसतसा त्याचा दाब उतरतो, हे त्याचे गृहीत होते. त्यावरून गोळीचा वेग हा नळीची लांबी आणि दारूने व्यापलेली जागा यांच्या गुणोत्तराच्या लघुगणकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, असा नियम निघतो. नियम दिसतो क्लिष्ट, पण आकडे घालून पाहिला की त्याचे मर्म कळते. दारूचा बार नळीत दोन इंच जागा व्यापतो असे समजू. ६४ इंचांची नळी कापून ४० इंचांची केली, तर वेग सुमारे ७ टक्क्यांनी घटतो. ४० ची २० केली, तर सुमारे १२ टक्क्यांनी. २० ची १० केली, तर १६ टक्क्यांनी. म्हणजे पहिले चोवीस इंच गेले तरी नुकसान किरकोळ, आणि शेवटचे दहा इंच गेले की मोठे. लांब नळीमुळे गोळी दुप्पट जोराने जाते ही शिकारकथांतून नेहमी भेटणारी समजूत या हिशेबात टिकत नाही.

रॉबिन्सच्या नियमाला मात्र एक मर्यादा आहे, आणि दख्खनच्या बाबतीत तीच महत्त्वाची. गोळी जागची हलण्यापूर्वीच सगळी दारू जळून जाते, असे तो धरून चालतो. बारीक दाण्याच्या, कसदार दारूला हे बरेचसे लागू पडते. गावठी दारूचे तसे नाही. सोरा पुरता शुद्ध नसेल, कोळसा जाडाभरडा असेल, पावसाळी हवेने दारू दमट झाली असेल, तर ती गोळीच्या मागे जळत जळत येते. अशा दारूला लांब नळी पुरवावी लागते. आखूड नळीत तिचा बराच भाग न जळताच तोंडाबाहेर पडतो. शिवाय नळीच्या टोकावरची माशी आणि मागचा दिदवान यांत जितके अंतर जास्त, तितकी नेम धरताना होणारी चूक कमी. हे अंतर साठ इंचांवरून चाळीसवर आले, तर तीच हाताची चूक निशाणावर दीडपट होऊन उमटते. उघड्या माळावर, दगडाचा किंवा दुबेळक्याचा टेका घेऊन, उभ्या काळविटावर एकच बार टाकावयाचा असेल, तर वेगापेक्षा हा दुसरा फायदाच मोठा. तेव्हा कुंभारीसारख्या मुलुखातील शिकाऱ्याला लांब नळीची अडचण अशी नव्हतीच. ती झाडीत अडकत नव्हती, बैलगाडीत आडवी ठेवता येत होती. नळी कापण्याचे शिकारीचे कारण या भूमीत दाखविता येत नाही. इतर सर्व अनुमान या मुद्द्यावर उभे राहते.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरची गोष्ट निराळी. तेथे करवंदीच्या जाळ्यांतून वाट काढताना, मचाणावर चढताना, किंवा खानदेशात भिल्लांसह पायी वाघ धुंडताना आखूड शस्त्राची सोय उघड होती. घोडेस्वारालाही लांब तोडेदार बंदूक जवळपास निरुपयोगीच. पेटता तोडा, रंजकीची कुपी आणि लगाम ही तिन्ही एका वेळी सांभाळावयाची म्हणजे कसरत. तरीसुद्धा या गरजेसाठी लांब बंदुका कापल्या जात, असे समजण्याचे कारण नाही. मराठी भाषेनेच येथे पुरावा ठेवला आहे. 'तमंचा', 'पिस्तूल' आणि 'कडाबीन' हे शब्द मराठीत रुळलेले होते. आखूड हत्यार हे स्वतंत्र हत्यार होते, त्याला स्वतंत्र नाव होते, आणि ते मुळातच आखूड घडविले जाई. कापून आखूड केलेल्या बंदुकीसाठी मराठीत तितकेच रुळलेले निराळे नाव आढळत नाही. नाव नसणे हा निर्णायक पुरावा नव्हे, हे मान्य. तथापि, जी गोष्ट समाजात नेहमी घडते तिला भाषा फार काळ बिननावाची ठेवीत नाही.

मग नळ्या कापल्याच जात नव्हत्या काय? जात होत्या, पण कारणे दुरुस्तीची होती. ठासणीच्या बंदुकीत दर बारास गज आत-बाहेर होतो. वर्षानुवर्षे त्याच्या घासण्याने नळीचे तोंड झिजून लंबगोल होते आणि गोळी सुटताना एका अंगाला कलते. तोंडाकडचा झिजलेला भाग कापून टाकून काठ पुन्हा काटकोनात घासला की बंदूक पूर्ववत नेम धरू लागते. दुसरे कारण अधिक गंभीर. नळीच्या तोंडात चिखल किंवा माती गेलेली असताना बार उडाला, तर तोंडाजवळ नळी फुगते किंवा फाटते. फुगवट्याच्या मागून नळी कापणे हा त्यावरचा साधा उपाय. दोन्ही बाबतींत कापण्याचा हेतू नळी आखूड करणे हा नसून ती वाचविणे हा होता.

हा भेद संग्रहालयातील वस्तू पाहताना फार उपयोगी पडतो. अक्कलकोटसारख्या संस्थानी शस्त्रसंग्रहातून, अथवा इतरत्रही, बंदुकांची यादी करणाऱ्या विद्यार्थ्याने लांबीचा आकडा टिपून थांबू नये. भारतीय तोडेदार नळीचे तोंड बहुधा किंचित जाड, कंगोरेदार असते. सजविलेल्या बंदुकांत त्यास वाघाच्या मुखाचा आकारही दिलेला आढळतो. तो कंगोरा नसेल आणि तोंड सरळ सपाट असेल, तर नळी कापली गेल्याचा संशय घ्यावा. माशी कंगोऱ्यावर नसून मागाहून डाख देऊन बसविलेली असेल, तर संशय बळावतो. नळीवर सोन्यारुप्याचे कोफ्तगारी काम असेल, तर वेलबुट्टी टोकाशी आपल्या ठिकाणी संपते की मध्येच तुटते, ते पाहावे. नळी लाकडी दस्त्याला बांधणाऱ्या चामडी वाद्या किंवा पितळी पट्ट्या यांच्यातील अंतरे सारखी आहेत काय, आणि गज नळीच्या मानाने जास्त लांब आहे काय, याही खुणा बोलक्या असतात. अर्थात गज हा सहज बदलता येणारा भाग असल्याने त्याच्या एकट्याच्या साक्षीवर फारसा भरवसा ठेवता येत नाही. कापलेली बंदूक सापडली की ती लपविण्यासाठीच कापली असली पाहिजे, हे अनुमान मात्र घाईचे ठरेल. कापल्यानंतरही ती चाळीस इंचांची असेल, तर लपविण्याचा प्रश्नच येत नाही.

एकोणिसाव्या शतकात दोन बदल जवळजवळ एकाच वेळी झाले. एक तांत्रिक, दुसरा राजकीय. पेचदार नळीच्या रायफली शिकारीत आल्या. मध्य प्रांतात नोकरी केलेल्या जेम्स फोरसिथने शिकारी रायफलीवर एक स्वतंत्र पुस्तक १८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच लिहिले. मोठ्या तोंडाची नळी, मंद पेच, वाटोळी गोळी आणि भरपूर दारू हा त्याचा आग्रह. शिकारी शस्त्राचा विचार सैनिकी शस्त्रापासून वेगळा करण्याचा हा महत्त्वाचा प्रयत्न होय. त्याच सुमारास एतद्देशीयांच्या हातातील शस्त्रांवर मात्र बंधने वाढत चालली. १८५७ च्या उठावानंतर १८६० चा एकतिसावा कायदा आला आणि लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा अकरावा. सोलापूर जिल्हा त्या वेळी १८७६-७८ च्या दुष्काळाने पिचलेला होता. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांना कलादगी जिल्ह्यात पकडण्यात आले. १८७८ च्या कायद्याच्या पाचव्या कलमात शस्त्रांची निर्मिती, रूपांतर आणि विक्री परवान्याखाली आणली गेली, पण नळीच्या लांबीचा वेगळा उल्लेख त्यात नव्हता. त्या कायद्याचा प्रश्न बंदूक केवढी हा नव्हता, ती कोणाच्या हातात हा होता. युरोपीयांना दिलेली सरसकट सूट १९२० च्या नियमांपर्यंत चालत राहिली, ही गोष्ट त्याचीच साक्ष देते. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकला जॅक्सनचा वध झाला. त्या प्रकरणातील ब्राऊनिंग पिस्तुले विलायतेहून पेटीच्या चोरकप्प्यातून आणलेली होती. आखूड आणि लपविता येणाऱ्या शस्त्राचे राजकीय महत्त्व सरकारला यापुढे निराळे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

राज्यसंस्थेने शस्त्राचे मोजमाप सुरू केले ते मात्र लांबीपासून नाही, तर व्यासापासून. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० व्यासाच्या शिकारी रायफलींवर हिंदुस्थानात बंदी आली, कारण तसल्या गोळ्या जुन्या सैनिकी मार्टिनी-हेन्री रायफलीत वापरल्या जातील ही भीती. परिणामी विलायती बंदूककारांना .४७० आणि .४६५ असे नवे व्यास काढावे लागले. .३०३ हा सैन्याचा व्यासही खाजगी शिकाऱ्यास वर्ज्य होता. याच कारणाने पुढे ईशापूरच्या सरकारी कारखान्यातून नागरिकांसाठी .३१५ व्यासाची शिकारी रायफल निघाली. तिचे काडतूस मूळ ऑस्ट्रियन सैन्याच्या आठ मिलिमीटर काडतुसावरून घेतलेले. शिकाऱ्याच्या गरजेचा या निवडीशी काही संबंध नव्हता. सैन्याचे काडतूस चोरून नागरी बंदुकीत चालू नये, एवढाच हिशेब.

नळी कापावी की नाही, यावर खऱ्या अर्थाने मोठा वाद झाला तो सैन्यातच. बोअर युद्धापर्यंत ब्रिटिश पायदळाच्या ली-एनफिल्ड रायफलीची नळी ३०.२ इंचांची होती आणि घोडदळासाठी सुमारे पावणेएकवीस इंचांची वेगळी कार्बाईन होती. घोडदळाची कार्बाईन दूरच्या माऱ्यात तोकडी पडते, हे त्या युद्धात दिसून आले. तेव्हा दोन्ही दळांना चालेल अशी २५.२ इंच नळीची एकच आखूड रायफल स्वीकारण्यात आली. १९०२ ते १९०४ या काळात हा बदल झाला. नेमबाजीच्या मंडळ्यांनी आणि बंदूककारांनी त्यावर मोठे काहूर उठविले. पाच इंच कापून सैन्याने आपला नेम गमावला, असे त्यांचे म्हणणे. पुढे महायुद्धात मेसोपोटेमियापासून फ्रान्सपर्यंत ही रायफल चालली आणि ते काहूर विरले. कारण साधे होते. बिनधुराच्या दारूने नळीचे गणितच बदलून टाकले होते. या दारूच्या रायफलीत नेहमीच्या लांबीच्या पल्ल्यात दर इंचामागे साधारणपणे सेकंदास २० ते ३० फूट वेग कमी होतो. चोवीसशे फूट वेगाच्या रायफलीची नळी चार इंचांनी कमी केली, तर वेग शंभर फुटांच्या आसपास, म्हणजे चार टक्के घटतो. दीडशे यार्डांवरच्या काळविटास हा फरक कळणार नाही. शिकाऱ्यास मात्र कळतो, पण निराळ्या तऱ्हेने. आवाज कानाजवळ येतो, तोंडाशी ज्वाळा दिसते, बंदूक हलकी झाल्याने धक्का वाढतो, तोल मागे सरकतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशासारख्या जंगली आघाड्यांसाठी काढलेल्या पावणेएकोणीस इंची 'जंगल कार्बाईन'ने हे सर्व दोष प्रकट केले. ज्वाळा झाकण्यास तिला तोंडाशी शंकू लावावा लागला, तिचा नेम स्थिर राहत नाही ही तक्रार पाठ सोडीना, आणि १९४७ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तेव्हा तंत्राच्या बाजूने पाहिले तर उत्तर असे निघते की, पंचवीसच्या आसपास कापणे सोसते, वीसच्या खाली गेले की त्याची किंमत मोजावी लागते. योगायोग असा की कायद्यानेही वीस हाच आकडा धरला, पण अगदी निराळ्या कारणाने.

तो आकडा शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात आहे. गुळगुळीत नळीची आणि किमान वीस इंच नळीची बंदूक नागरिकास संरक्षणासाठी किंवा शिकारीसाठी हवी असेल, तर परवाना अधिकाऱ्याने परवाना द्यावा, असे ते म्हणते. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तरीही तसेच. आणि ठासणीची पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. बाकी बहुतेक बंदुकांसाठी, म्हणजे शिकारी रायफलीसाठीही, योग्य कारण दाखविण्याचा भार अर्जदारावर आहे. गुळगुळीत नळी आणि वीस इंच हे शब्द इंग्लंडच्या १९३७ च्या कायद्यात आढळतात. तेथे त्याहून आखूड करण्यास मनाई करण्यात आली होती, आणि १९६८ च्या कायद्यात ती मर्यादा चोवीस इंचांची आहे. अमेरिकेने १९३४ मध्ये अठरा इंचांची रेषा आखली होती. रायफलीपुरती ती पुढे सोळावर आली. भारतीय कलमाची शब्दरचना इंग्रजी कायद्यावरून आली असावी, हे अनुमान सहज निघते. उसने घेताना मात्र एक फरक झाला. इंग्लंड आणि अमेरिका यांनी रेषेच्या वर कापण्यास मोकळीक ठेवली. भारतात वीस इंचांची रेषा परवाना मिळण्याच्या हक्कासाठी राहिली आणि कापण्यावरची मनाई सर्व लांबींना सारखी लागू झाली. तीस इंचांची नळी अठ्ठावीसची करणारा शिकारी आणि बाराची करणारा दरोडेखोर या दोघांना सहावे कलम एकाच मापाने मोजते. १९५९ चा हा अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगास किमान सात वर्षांची आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

या कडकपणामागे घटना समितीतील चर्चा विसरून चालणार नाही. शस्त्र बाळगण्याचा हक्क १९३१ च्या कराची ठरावात मान्य झालेला होता, आणि परवान्यांचा प्रश्न गांधीजींच्या १९३० च्या अकरा मागण्यांतही होता. परंतु डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामथ यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. असा हक्क गुन्हेगारांनाही सरसकट द्यावा लागेल, हा त्यांचा मुख्य आक्षेप. परकी सत्तेच्या निःशस्त्रीकरणाला विरोध करणारे राष्ट्र स्वतःची सत्ता येताच परवान्याची चौकट टिकवून ठेवते, यात विसंगती पाहणारे पाहतात. वस्तुतः आंबेडकरांचा मुद्दा शिकाऱ्याविरुद्ध नव्हताच. तो निवडीच्या अधिकाराविषयी होता, की कोणाच्या हाती कोणते हत्यार द्यावे हे राज्याला ठरविता आले पाहिजे. सहाव्या कलमाचा दोष असा की, ते राज्याला निवड करण्यास सांगते खरे, पण कशाच्या आधारे, ते सांगत नाही. झिजलेल्या किंवा फुगलेल्या तोंडाची दुरुस्ती आणि लपविण्यासाठी केलेली काटछाट यांत कलमाच्या शब्दांना भेद माहीत नाही. कारागिराला तो शेकडो वर्षे माहीत होता. कलमात किमान लांबी घातली असती, तर गुन्ह्याला धार आली असती आणि दुरुस्तीला वाट राहिली असती.

कुंभारीच्या शेतकऱ्याशी या सर्वाचा संबंध कोठे येतो? शाळूच्या कणसांवर पाखरे उतरतात तेव्हा माळ्यावर उभा राहून तो चालवितो ती गोफण. तिला परवाना लागत नाही. रानडुकरे किंवा काळविटांचे कळप पिकात शिरतात, तेव्हा तेराव्या कलमातील ठासणीची बंदूक त्याच्यासाठी आहे. पण तीतून काय मारावयाचे, हे शस्त्र अधिनियम ठरवीत नाही. १९५१ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने शिकारीला नियम घातले, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने काळवीट आणि माळढोक यांना पहिल्या अनुसूचीत घालून त्यांची शिकार बंद केली. १९७९ मध्ये सोलापूरच्या उत्तरेस नान्नज येथे माळढोकासाठी अभयारण्य झाले. शिकारी रायफल परवान्यावर राहिली, तिचे शिकारीचे काम गेले. वारशाने आलेल्या अशा रायफलीचे तोंड आज गंजले किंवा फुगले असेल, तर धन्यापुढे वाटा दोनच आहेत. ती आहे तशी, बार न उडविता ठेवणे, किंवा सहाव्या कलमाखाली परवाना मागणे. लोहाराकडे नेणे ही तिसरी वाट पूर्वी सर्वांत जवळची होती. तीच आता तुरुंगाकडे जाते.

आणि माळही तो राहिलेला नाही. २००६ मध्ये कुंभारीच्या शिवारात कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, आणि तिच्यामागून रे नगरची तीस हजार घरांची योजना आली. तिच्यातील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये रहिवाशांच्या ताब्यात देण्यात आली. ज्या उघड्या पल्ल्यासाठी साठ इंची नळी घडविली जात असे, त्या पल्ल्यात आता घरांच्या रांगा आहेत.